सटाण्यांतील रात्रीचा मुक्काम

बागलाणांत येणारा प्रवासी सटाण्यास थांबतो तो बहुधा साल्हेर-मुल्हेरकडे जातांना, अथवा आरम नदीच्या कांठीं देवमामलेदारांचें दर्शन घेण्यासाठीं. आम्ही मात्र वाचकांस या गांवाचें निराळेंच दर्शन घडवूं इच्छितों, आणि तें रात्रीं दहानंतरचें आहे.

दिवसां जेथें घरगुती मोटारी उभ्या असतात, त्या मोकळ्या जागांत रात्रीं मालमोटारी येऊन विसावतात. देवळा-चांदवडकडून ताहाराबाद, पिंपळनेर व साक्रीकडे जाणारा हमरस्ता येथून जातो. शिवाय बागलाणचा कांदा, द्राक्षें व डाळिंबें परमुलखीं जावयाचीं असतात. ही वर्दळ आजची नव्हे. सुरतेहून दक्षिणेंत उतरणारा व्यापारी मार्ग याच मुलखांतला. 1670 सालीं सुरतेहून परततांना शिवछत्रपति बागलाणांतूनच आले. मात्र बैलांच्या तांड्यास पाणवठा पाहून उतरतां येत असे. मालमोटारवाल्यास तें सुख नाहीं.

गेल्या उन्हाळ्यांत एके रात्रीं आमच्या नातवास सडकून ताप भरला. आमची मोटार पटांगणांत होती. पण तिच्यापुढें एक मालमोटार आडवी उभी! शेवटीं रिक्षा मिळवून मुलास दवाखान्यांत नेलें. मूल बरें झालें, परंतु आमचा संताप शमला नाहीं. अशा गाड्यांस गांवबंदी करावी, असा अर्ज आम्हीं लिहिला आणि गाड्यांचे क्रमांक टिपण्यासाठीं दुसऱ्या रात्रीं काठी टेकीत तेथें गेलों.

एक ड्रायव्हर चाकाच्या आडोशास स्टोव्हवर भात शिजवीत होता. आमच्या हातांतील कागद पाहून तो उठून उभा राहिला. "गुरुजी, गाडी हलवूं का ?" त्याचा हा प्रश्न ऐकून आमचा आवेश निम्मा ओसरला. व्यापाऱ्याच्या खळ्यावर गोण्या भरून तयार नव्हत्या. गाडी पहांटे भरावयाची होती. खळ्यावर जागा नाहीं, आणि हमरस्त्याच्या कडेला निजावें तर मागून येणारें वाहन केव्हां आदळेल याचा नेम नाहीं. त्यानें आमच्याजवळ मागितलें तें एवढेंच — पिण्याचें पाणी कोठें मिळेल ?

घरीं येऊन हें सांगितलें, तेव्हां त्या आजारी मुलाची आईच म्हणाली, "मामंजी, यांना हांकलून दिलें तर हे झोपतील कुठें ? आणि न झोपतां गाडी हांकली तर ?" आम्ही निरुत्तर झालों.

ज्या गांवीं मोटार-कामगारांस रात्रीं मुक्काम करणें भाग पडतें, तेथें मालकानें विश्रांतीची खोली ठेवावी, असें 1961 च्या कायद्यानें ठरविलें होतें. परंतु पांचांहून कमी कामगार असलेल्या मालकास तो आपोआप लागू नव्हता; म्हणजे एका गाडीच्या धन्याचा नोकर उघड्यावरच ! 1988 च्या मोटार-वाहन कायद्यानें मात्र स्थानिक संस्थेच्या सल्ल्यानें वाहनें उभीं करण्याच्या जागा नेमून देण्याची सोय केली आहे. उणीव आहे ती इच्छेची.

आणि ही इच्छा सटाण्यानें कोणाकडून शिकावी ? येथील मामलेदार यशवंतराव भोसेकर यांनीं 1870-71 च्या दुष्काळांत सरकारी खजिना भुकेल्यांसाठीं खुला केला, म्हणून लोकांनीं त्यांस देव मानलें. आम्हांस खजिना उघडावयाचा नाहीं. एक नळ उघडावयाचा आहे.

आम्हीं पहिला अर्ज फाडून दुसरा लिहिला. मालमोटारींस गांवाच्या कडेला निराळी जागा, तेथें दिवा, पाणी व शौचकूप असावें. आणि तोंवर पटांगणांत एक वाट पट्टे आंखून सदैव मोकळी ठेवावी, म्हणजे कोणाचें आजारी मूल अडणार नाहीं. ज्याच्या येण्याची तिथि ठरलेली नसते तो अतिथि, असें वर्गांत आम्हीं कितीदां तरी शिकविलें. त्याचा अर्थ आम्हांस साठी उलटल्यावर, एका मालमोटारीच्या चाकापाशीं कळला. त्या अर्जावर घरांतील सर्वांच्या सह्या आहेत, पहिली सूनबाईंची.