समुद्राकाठी एकाच बाकावर

आम्ही उभयता डोंबिवलीचे. वीस वर्षे एकाच लोकलने नोकरीला जातो. डबे मात्र वेगळे. बिशीचे पैसे साठवून श्रीलंकेला गेलो, तेव्हा कोलंबो ते गॉल समुद्राकाठचा रस्ता बसमध्ये एकाच बाकावर बसून केला. कलुतराला ड्रायव्हरने बोधिवृक्षापाशी पेटीत नाणे टाकले, आम्हीही टाकले.

पुढे पेरेलिया. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामीने येथे गच्च भरलेली रेल्वेगाडी उलथवली; हजाराहून अधिक माणसे गेली. समुद्राकडे पाहत बुद्धमूर्ती उभी आहे. आम्ही वंदन केले. पत्नी हळूच म्हणाली, "अहो, आपण तर वेगळ्या डब्यांत असतो."

डबे आजही वेगळेच आहेत. पण संध्याकाळी पुलावर एकमेकांची वाट पाहतो, मगच घरी जातो.