पट्ट्या पाठवत नाही

वरणगाव, ता. भुसावळ
मार्गशीर्ष

चि. भाऊस,


पोराजवळ निरोप दिलास, की आत्याला सांग, इथल्या मेडिकलमधून पित्ताच्या त्याच गोळ्यांच्या पट्ट्या घेऊन दे. पट्ट्या पाठवत नाही, हे पत्र पाठवते. फोनवर तू मला बोलू देत नाहीस. "पित्त आहे गं ताई, आपल्या घरात सगळ्यांनाच आहे," म्हणतोस आणि लगेच मिलच्या मंदीवर येतोस. पत्र तुला मधेच तोडता येणार नाही.

जेवलं की छातीखालच्या खळग्यात जळतं, चार घासांत पोट टम्म होतं, पहाटे आंबट ढेकर येतात. हे तू सांगितलंस. गणपतीपासून चालू आहे हेही सांगितलंस. पण बेल्टला नवं भोक पाडून घेतलंस आणि दिवाळीचा सदरा अंगावर लोंबतोय, हे मला भावजयीकडून कळलं. भाऊ, माझी सगळी नोकरी आरोग्य खात्यात गेली. अपचनाचे पेशंट ओपीडीत रोजच. त्यातल्या बऱ्याच जणांना डॉक्टर काही आठवड्यांच्या गोळ्या देत, जेवणाच्या वेळा सांगत आणि तेवढ्यावर भागत असे. वजन आपोआप उतरत असेल तर मात्र तेवढ्यावर थांबायचं नसतं. घास गिळताना अडकत असेल, सारखी उलटी होत असेल, संडास डांबरासारखी काळी नि चिकट होत असेल, रक्त कमी झालं असेल, किंवा पन्नाशीनंतर हा त्रास नव्यानेच सुरू झाला असेल, तरी तेच. यातल्या दोन गोष्टी, वजन आणि वय, तुझ्या बाबतीत मला इथे बसून दिसतात. संडासचं तू आजच नीट बघ आणि कळव. लोहाच्या गोळ्या चालू असतील तर त्यानेही रंग काळा होतो, म्हणून तेही सांग. काळी होत असेल तर माझ्या उत्तराची वाट बघू नकोस, तसाच दवाखान्यात जा. चक्कर आली किंवा उलटीत रक्त दिसलं तर १०८ला फोन कर. ती गाडी गुजरातमध्येही त्याच नंबरवर येते.

छातीतलं जळणं दर वेळी पोटाचंच असतं असंही धरून चालू नकोस. हृदयाच्या खालच्या भागाचा रक्तपुरवठा अडला की माणसाला पोटात वर दाबल्यासारखं होतं, मळमळतं, ढेकर आला तर बरं वाटेल असं वाटतं. सोडा पिऊन तासभर वाट पाहिलेली माणसं मी पाहिली आहेत. घाम फुटला, जबडा किंवा हात भरून आला, जिना चढताना दुखून बसल्यावर थांबलं, तर आधी ईसीजी. पोटाचं मागाहून बघता येतं.

आता तुझ्या गोळ्यांचं. तू घेतोस त्या कॅप्सूलमध्ये पँटोप्राझोल आणि डोमपेरिडोन अशी दोन औषधं आहेत. पहिलं पोटातलं आम्ल तयार करणारे पंपच बंद पाडतं, दुसरं पोट पुढे सरकवतं. औषध चांगलं आहे, ते घेऊच नये असं मी म्हणत नाही. पण तू ते महिनोन् महिने कोणालाही न दाखवता घेतो आहेस. शेतातल्या मोटारीचा फ्यूज पुन्हा पुन्हा उडतो म्हणून कोणी जाड तार टाकून मोकळा होतो, तसं हे आहे. मोटार चालू राहते आणि आत काय बिघडलंय ते कोणी बघत नाही. शिवाय डोमपेरिडोन फार दिवस घेतलं तर काहींच्या हृदयाचे ठोके बिघडतात. आणि तू म्हणतोस ना, गोळी सोडली की दुप्पट जळतं, म्हणजे गोळी लागतेच? ते नेहमीच खरं नसतं. हे औषध बरेच आठवडे घेऊन एकदम थांबवलं, की दाबून ठेवलेलं आम्ल काही काळ जोराने उसळतं. ते जळणं औषध अचानक सोडल्याचं असू शकतं. म्हणून ते डॉक्टरांच्या सांगण्याने हळूहळू कमी करतात. आणि घ्यायचंच तर जेवणाआधी अर्धा तास; जेवून आडवा होताना घेतलेल्या गोळीचा पुरेसा उपयोग होत नाही.

तुझ्या बाबतीत मला सगळ्यात जास्त संशय दुसऱ्याच गोळीचा आहे. बारा-बारा तास लूमवर उभा राहतोस, गुडघे धरतात, मग डायक्लोफिनॅकची नाहीतर आयब्युप्रोफेनची गोळी चहाबरोबर टाकतोस. पोटाच्या आतल्या अस्तराला आम्लापासून वाचवणारा एक थर असतो. तो ज्या द्रव्यांमुळे तयार होतो तीच ही वेदनाशामकं बंद करतात. मग जखम होते, कधी न दुखता रक्तही जातं. म्हणजे गुडघ्याची गोळी पोट जाळते आणि पोटाची गोळी ते जळणं झाकते, असं तुझं दोन पट्ट्यांचं गाडं चाललेलं असावं. "संधिवातावर रामबाण" म्हणून बिनलेबलच्या पुडीत मिळणारं चूर्ण घेत असशील तर तेही डॉक्टरांना दाखव. तसल्या पुड्यांत स्टिरॉइड किंवा हीच वेदनाशामकं मिसळलेली सापडतात. तंबाखू-चुन्याचं मी काय सांगू, तुला ठाऊक आहे.

एवढं असून घरात सगळा दोष जेवणावर जातो. "खान्देशी तिखट सोसवत नाही आता," असं तूच म्हणालास आणि शेवभाजी, ठेचा, फौजदारी डाळ सगळं सोडलंस. हंगाम असून भरीत सोडलंस. कपाशीच्या पऱ्हाट्यांवर भाजलेली, बडगीत ठेचलेली वांगी आणि कळण्याची भाकरी समोर असताना तू दूध-पोळी खाऊन उठलास, हे ऐकून मला वाईट वाटलं. तिखटाने जळजळ वाढते, हे खरं. तेलातुपाने पोट रिकामं व्हायला वेळ लागतो, म्हणून तुपात बुडवलेली बट्टी रात्री खाऊन लगेच झोपलं तर घशाशी येणारच. पण त्रास वाढवणारी गोष्ट आणि त्रासाचं मूळ या दोन्ही एकच असतात असं नाही.

विनोबांचं बघ. १९३२ साली ते आपल्या धुळ्याच्या तुरुंगात होते. दर रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते लिहून घेत. तीच 'गीता प्रवचने'. आश्रमाच्या व्रतांत अस्वाद हे एक व्रत, जिभेसाठी काही खायचंच नाही. इतकं साधं, बिनमसाल्याचं खाणारा माणूस, आणि त्यांना पोटाचा अल्सर होता. १९५१ पासून भूदानासाठी देशभर पायी हिंडले ते थोडं थोडं दूध-दही नि मध घेत. त्या काळी अल्सरवर उपायच तो होता. शिकागोच्या डॉ. सिप्पी यांनी १९१५ साली तासातासाला दूध-सायीचा आहार सुचवला आणि पुढे कितीतरी वर्षं जगभर तो चालला. आता कळतं की दुधाने घटकाभर गार वाटतं, पण त्यातल्या कॅल्शियम नि प्रथिनांमुळे पोट मागाहून आणखी आम्ल सोडतं. रात्री उठून तू ग्लासभर दूध पितोस ना, त्यासाठी हे सांगितलं.

अल्सर तिखटाने नि काळजीने होतो, असंच डॉक्टरही मानत. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल या दोघांनी ते मोडून काढलं. पोटाच्या अस्तराच्या तुकड्यांत वॉरन यांना नागमोडी जंतू दिसत होते, पण ते बशीत वाढत नव्हते. १९८२ सालच्या ईस्टरच्या सुटीत बशा नेहमीपेक्षा जास्त दिवस तशाच राहिल्या आणि जंतू वाढलेले सापडले. त्यांची वाढ मुळातच सावकाश होते. लोक तरीही मानेनात, तेव्हा १९८४ साली मार्शल स्वतः ते जंतू प्यायले आणि काही दिवसांत त्यांच्या पोटाला सूज आली. २००५ साली दोघांना नोबेल मिळालं. हेलिकोबॅक्टर पायलोरी हे त्या जंतूचं नाव. पोटातल्या युरियापासून तो अमोनिया बनवतो आणि स्वतःभोवतीचं आम्ल मारून टिकतो. श्वासाची तपासणी याच गोष्टीवर चालते, विष्ठेतूनही तो कळतो. मात्र पँटोप्राझोल दोन आठवडे आणि अँटिबायोटिक चार आठवडे बंद नसेल, तर जंतू असूनही रिपोर्ट 'नाही' असा येऊ शकतो. म्हणून गोळ्यांचं खरं खरं सांगायचं.

तुझं वजन उतरलंय, त्यामुळे माझ्या मते श्वासाच्या तपासणीवर न थांबता दुर्बीणच टाकून घ्यावी; अस्तराचा तुकडा त्याच वेळी काढून जंतूही बघता येतो. अंतिम शब्द अर्थात डॉक्टरांचा. जंतू निघाला तर आम्लाच्या गोळीबरोबर अँटिबायोटिकं, साधारण चौदा दिवस. चौथ्या दिवशी बरं वाटलं म्हणून सोडायची नाहीत, कारण आपल्याकडे या जंतूला काही औषधं आधीच लागू पडेनाशी झाली आहेत. कोर्स संपल्यावर निदान चार आठवड्यांनी तो गेला का, ते पुन्हा बघायचं. आणखी एक. आपल्या देशात निम्म्याहून जास्त मोठ्या माणसांच्या पोटात हा जंतू असतो आणि त्यातल्या बहुतेकांना काहीच होत नाही. तो सापडला म्हणजे चोर सापडलाच असं नाही. औषधानंतरही त्रास राहिला तर शोध पुढे चालू ठेवायचा. पित्ताशयातले खडे सोनोग्राफीत दिसतात. उजव्या बरगडीखालून पाठीकडे जाणारी कळ असेल तर सांग. साखरही बघून घे, जुन्या मधुमेहात पोट मंदावतं.

आणि दुर्बिणीत काहीच निघालं नाही तर? ही शक्यता मोठी आहे. अपचनासाठी दुर्बीण टाकलेल्यांत बहुतेकांचं पोट आतून स्वच्छ दिसतं. त्या दिवशी घरी येऊन "काही नाही म्हणे, उगाच पैसे गेले," असं तू म्हणशील आणि घरचे म्हणतील मनाचे खेळ आहेत. ते मला मुळीच मान्य नाही. अशा माणसाचं पोट जेवताना हवं तेवढं सैल पडत नाही, म्हणून दोन घासांत भरतं. कुणाचं उशिरा रिकामं होतं. कुणाच्या पोटातल्या नसा साध्या ताणालाही दुखणं म्हणून कळवतात. याला फंक्शनल डिस्पेप्सिया म्हणतात, तो खरा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. डॉक्टर कधी झोपण्यापूर्वी अॅमिट्रिप्टिलिनसारखी गोळी अगदी कमी मात्रेत देतात. ती मनाच्या आजारावरही वापरतात, म्हणून बॉक्सवर वाचून घाबरू नकोस. इतक्या कमी मात्रेत ती पोटाच्या नसा शांत करायला असते.

मनाचा पोटाशी संबंध मात्र आहे, आणि तो डोळ्यांनी पाहिला गेला आहे. १८२२ साली अमेरिकेतल्या मॅकिनॅक बेटावर अलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या तरुणाला बंदुकीचा बार लागला. तो वाचला, पण पोटाला पडलेलं भोक बुजलं नाही. विल्यम ब्यूमाँट हे लष्करी डॉक्टर पुढे कित्येक वर्षं त्या भोकातून पोटाचं काम बघत राहिले आणि १८३३ साली त्यांनी त्यावर पुस्तक लिहिलं. तो तरुण रागावला की पोटाचं काम बिघडलेलं त्यांना दिसे. तुझी मिल अर्धवट चालते, पोरीचं लग्न ठरायचं आहे, एक आठवडा दिवसपाळी नि एक आठवडा रातपाळी. बाबांचंही तसंच होतं. आयुध निर्माणीतल्या पाळ्या, डब्याशेजारी सोड्याची पुडी, आणि विचारलं की "पित्ताची प्रकृती". घरात एवढं बोलून झालं की पुढे कोणी काही विचारत नसे. तुझ्या बाबतीत मी ते होऊ देणार नाही.

तिथल्या सिव्हिल हॉस्पिटलला दाखव किंवा स्मीमेर हॉस्पिटलला, नाहीतर तुमच्या डॉक्टरांकडून पोटाच्या तज्ज्ञाची चिठ्ठी घे; पण याच आठवड्यात. तोवर एका वहीत रोज लिही: किती वाजता काय खाल्लं, कोणती पाळी होती, कोणती गोळी घेतली, कधी जळलं. घरातल्या सगळ्या पट्ट्या, रिकाम्यासुद्धा, एका पिशवीत घालून डॉक्टरांच्या टेबलावर ठेव. गुडघ्याच्या गोळीला दुसरा पर्याय काय, हे आपणहून विचार. मात्र रक्त पातळ करायची किंवा हृदयाची एखादी गोळी कोणी दिलेली असेल तर ती मनाने बंद करू नकोस. आत जाताना भावजयीला बरोबर ने, बेल्टचं तू सांगणार नाहीस, ती सांगेल.

दुर्बिणीच्या आधी सहा-आठ तास पोट रिकामं लागतं, नक्की किती ते तिथे सांगतील. तपासणीला थोडीच मिनिटं लागतात. घसा सुन्न करतात, कुणाला झोपेचं इंजेक्शन देतात. इंजेक्शन दिलं तर त्या दिवशी एकट्याने घरी जायचं नाही आणि गाडी चालवायची नाही. त्या दिवशी मी तिथे असेन. भुसावळहून रात्रीच्या गाडीने निघेन. तारीख मिळाली की तिकीट काढायला पोराला सांगते.

तुझी,
ताई