हाय-हॅट टोचतोय

"दादा, हाय-हॅट टोचतोय."

डोंबिवलीच्या पोरांच्या नव्या ईपीतलं चौथं गाणं लागलं होतं. पाच गाणी, सगळी मिळून अकरा मिनिटं. मिक्स हातावेगळा झाला अशा समजुतीत तो खुर्चीत मागे रेलला होता (तो म्हणजे कोण, हे ओळखणाऱ्यांनी ओळखावं) आणि सहा महिन्यांपूर्वी त्याच्या स्टुडिओत शिकायला आलेल्या तेवीस वर्षांच्या पोरीने हे वाक्य टाकलं. त्याला टोचण्यासारखं काहीच ऐकू येत नव्हतं. "पंक आहे, टोचणारच," तो म्हणाला. उत्तर झकास होतं, त्यामुळे विषय आणखी आठ दिवस लांबला.

आठ दिवसांनी त्याने गुपचूप कान तपासून घेतले. हाती आलेल्या आलेखात डाव्या कानाची रेघ सरळ चालत येऊन ४००० हर्ट्झपाशी विहिरीत पडावी तशी खाली गेली होती आणि पुढे ८०००कडे धापा टाकत थोडी वर आली होती. मोठ्या आवाजाने जाणारा कान बहुधा इथूनच जातो. वयाने जाणारा कान वरच्या टोकाकडून झिजत येतो. बावन्नाव्या वर्षी त्याच्या वाट्याला दोन्ही आलं होतं. डावाच जास्त का, हे डॉक्टरांना विचारावं लागलं नाही. उजव्या हाताच्या ड्रमरचा हाय-हॅट, म्हणजे थाळ्यांची जोडी, डावीकडे असतो आणि नव्वदच्या दशकात तो कॉलेजांच्या महोत्सवांत कानात बोळा न घालता ड्रम बडवत असे. बोळे घालणारे त्या वेळी भित्रे ठरायचे. १९८६ साली सुरू झालेल्या 'इंडिपेंडन्स रॉक'मध्ये, धोबी तलावच्या रंगभवनात आपण वाजवलं, असं तो कधी सांगत नाही. मात्र कुणी तसं समजून चाललं, तर चूक दुरुस्तही करत नाही. खरं तर तो तिथे तिकीट काढून उभा असायचा. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमांनी रंगभवनच गप्प झालं.

ज्या थाळ्यांनी कान खाल्ला, त्याच थाळ्या आता त्या कानाला ऐकू येत नाहीत. त्यामुळे तो त्या वाढवत जातो. किती वर्षं, याचा हिशेब त्याने अजून केलेला नाही.

हाय-हॅटशी त्याचं भांडण मात्र कान जायच्या आधीपासूनचं. अंधेरीतली दहा बाय बाराची खोली आणि त्यात चौघं एकदम वाजवणार. गायकाला वेगळं उभं करून नंतर गाऊन घ्यावं, तर सूर नीट लागतो आणि राग विझतो. दुसऱ्या टेकलाच तो माणूस सभ्य होतो. म्हणून गायक बँडमध्येच, हातात साधा एसएम५८, पाठ गिटारकडे, माइकची शेपटी हाय-हॅटकडे. आणि पंकचा ड्रमर, देव त्याचं भलं करो, स्नेअर हळू मारतो आणि थाळ्या जीव खाऊन मारतो. हाय-हॅटचा माइक बंद केला तरी फरक पडत नाही, कारण हाय-हॅट स्नेअरच्या माइकात घुसलेला असतो, ओव्हरहेडमध्ये असतो, गायकाच्या माइकात तर बिऱ्हाडच करून असतो.

इंग्रजीत गाणाऱ्या बँडांचं एक वेळ निभतं, अर्धे शब्द कळले नाहीत तरी ऐकणारा मान हलवतो. ही पोरं मराठीत ओरडतात. मराठीत शिवी असो की तक्रार, तिची धार श, स आणि च यांत असते. त्यातही 'चोर'मधला दंत्य च. 'चहा'तला नव्हे, दातांमागून सुटणारा. हे सगळे ध्वनी नेमके त्याच पट्ट्यात राहतात जिथे हाय-हॅट राहतो. स-श दाबणारा डी-एसर लावला तर 'चोर'चा 'ओर' होतो आणि थाळी तशीच खळखळत राहते. ईक्यूने ४०००पाशी खाच पाडली तर गायक उशीत तोंड खुपसून गातोय असं वाटतं. त्याने जाड थाळ्या आणून पाहिल्या, त्यांवर टेप चिकटवली, ड्रमरला रॉकेलच्या डब्यासारखी दिसणारी जुनी जोडी दिली, हाय-हॅट अर्धी वीत वर चढवला. एकदा ड्रमरला सरळ सांगितलं, "हळू मार." त्या टेकमध्ये ड्रमर मांडीवर वही घेऊन बसल्यासारखा वाजवत होता.

शहरातले इतर लोक या भानगडीत पडत नाहीत. ते स्नेअरच्या जागी तयार सॅम्पल चिकटवतात, ठोके संगणकाच्या जाळीवर सरळ बसवतात आणि मग वरून खरखरीचं प्लगइन टाकतात. आधी इस्त्री आणि नंतर सुरकुत्या. 'रामोन्स' या पंक बँडची पहिली तबकडी १९७६ साली साडेसहा हजार डॉलरच्या आत उरकली होती, एका बाजूला बास, दुसऱ्या बाजूला गिटार, एवढीच मांडणी. याला तो ललितकला म्हणतो आणि स्वतःच्या खोलीत दोन बाजूंना बावीस ट्रॅक पसरून ठेवतो.

त्याचं दैवत शिकागोचे स्टीव्ह अल्बिनी. 'निर्वाणा'चा १९९३चा 'इन युटेरो' ध्वनिमुद्रित करूनही त्यांनी विक्रीतला हिस्सा घेतला नाही. नळ दुरुस्त करणाऱ्याला मिळते तशी कामाची मजुरी मागितली. 'निर्माता' हा शब्दही त्यांना नको असे. २०२४च्या मे महिन्यात ते एकसष्टाव्या वर्षी गेले, तेव्हा याने दिवसभर स्टुडिओ बंद ठेवला. भक्तीची मर्यादा मात्र कॅसेटच्या कव्हरवर दिसते. बँडमधल्या पोरांची नावं ज्या टायपात, त्याहून याचं नाव अर्ध्या पॉइंटाने मोठं. छापणाऱ्याची चूक, असं तो म्हणतो.

मुंबईत पंकचं दुकान कधीच मोठं नव्हतं. 'द रायट पेडलर्स'ने सरकार आणि सार्कॅझम यांची मोट बांधून ईपीचं नाव ठेवलं, 'द लाइटइयर्स एक्स्प्लोड'चा 'द रिव्हेंज ऑफ कालिचरण' २०१३ला आला, अशा खुणा बोटांवर मोजायच्या. आता पोरं एकेक गाणं सोडतात, कारण फोनला तसंच आवडतं. स्पॉटिफायवर वर्षात हजार वेळा वाजलं नाही तर २०२४पासून त्या गाण्याचा पैसाच मिळत नाही. म्हणून ती बँडकॅम्पवरही गाणी टाकतात. कंपनी आपली टक्केवारी सोडते त्या शुक्रवारी मित्रांना फोन करकरून चाळीस प्रती विकतात आणि त्या पैशात पुढच्या तालमीची खोली घेतात. डोंबिवलीकरांनी पाचही गाणी एकत्र, ठरलेल्या क्रमाने काढायचा हट्ट धरला, म्हणून त्याने निम्मेच पैसे घेतले. ही उदारता त्याने तीन जणांना सांगितली.

सगळ्यात लाज वाटावी अशी गोष्ट वेगळीच. दोन वर्षांपूर्वीच्या एका कामाची त्याला मनापासून स्तुती मिळाली होती. लोक म्हणाले, काय उघडा, काय निर्दय आवाज, वरची पट्टी कशी तासून काढलीय. त्याने ते सौंदर्यदृष्टी म्हणून स्वीकारलं, शिकणाऱ्यांना त्यावर तासभर बौद्धिकही दिलं. आता पोरीने ती गाणी लावली आणि तो पडद्यावरचा आलेख बघत राहिला. सौंदर्यदृष्टी कसली, तो त्याचा ऑडिओग्राम होता, उलटा टांगलेला. आणि तरीही, खरं सांगायचं तर, ते काम त्याला अजून आवडतं.

नवी व्यवस्था अशी ठरली: गिटार, बास, गायक त्याचे, २००० हर्ट्झच्या वरचं सगळं तिचं. तिने ओव्हरहेड दोन डेसिबल उतरवले, स्नेअरच्या माइकात ठोक्यांच्या मधली जागा हाताने कापत बसली, चार मिनिटांच्या आत संपणाऱ्या दोन गाण्यांना तिला पूर्ण रविवार लागला. "आता 'चोर' ऐकू येतं का, दादा?" तिने विचारलं. त्याने हो म्हटलं. त्याला 'चोर' आधीही ऐकू येत होतं, कारण शब्द पाठ होते.

शेवटच्या रात्री ती निघून गेल्यावर त्याने चौथ्या गाण्यात हाय-हॅट अर्ध्या डेसिबलने वर नेला. एवढा फरक सहसा कुणाला कळत नाही. सकाळी ती आली, ऐकलं, काही न बोलता फेडर पुन्हा खाली आणला आणि त्याच्यासाठी चहा सांगितला.

ईपी शुक्रवारी आला. ठाण्याच्या पुढे लोकल थांबली होती तेव्हा त्याने फोन उघडला. पहिलं गाणं लावायच्या आधी तो खाली सरकत श्रेयांच्या ओळीपाशी गेला. नावं अकारविल्हे लावली होती. तिचं आधी आलं होतं.