दिंडीची गाडी आणि रेडिएटरचे झाकण



दिंडीत विणेकऱ्याला मान असतो, पताकेला मान असतो, डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या माउलींना मान असतो. मागून येणारी सामानाची गाडी मात्र मुक्कामाला पोहोचल्यावरच आठवते. पीठ, डाळ, भांडी, अंथरुणे, औषधाचा डबा सारे तिच्यातच असते. आमची विदर्भाची वारी लांबची. कौंडण्यपूरहून रुक्मिणीमातेची पालखी 1594 पासून पंढरीला जाते असे परंपरा सांगते. शेगावहून गजानन महाराजांची पालखी जाते. कारंजा तालुक्यातल्या आमच्या कामरगावाहून निघणाऱ्यालाही सारा मराठवाडा ओलांडून जावे लागते.

या वाटेवर गाडी माणसाच्या पावलाने चालते आणि तेच तिला जड जाते. गाडी पळत असली की समोरचा वारा रेडिएटर गार करतो. दिंडीमागे पहिल्या गिअरमध्ये सरकताना तो वारा नसतो, सारा भार पंख्यावर येतो. अशा वेळी एक लहानसे झाकण गाडी सांभाळते.

पाणी 100 अंशांना उकळते. झाकण स्प्रिंगच्या जोरावर आत दाब धरून ठेवते, त्यामुळे पाणी उशिरा उकळते. ज्या झाकणावर 0.9 आकडा असतो, ते साधे पाणीसुद्धा सुमारे 118 अंशांपर्यंत उकळू देत नाही. दाब त्याहून वाढला की झाकणातली पहिली झडप उघडते आणि जादा पाणी बाजूच्या बाटलीत जाते. इंजिन थंड झाले की मधली छोटी झडप उघडते आणि तेच पाणी परत आत घेते.

तीन वर्षांपूर्वी परळीहून अंबाजोगाईकडे चढताना आमच्या भाड्याच्या जीपमधून वाफ निघू लागली. गाडीत माझी आत्या होती. तरुणपणापासून ती पायी वारी करायची. आता गुडघे गेले म्हणून गाडीत बसते आणि त्याचा तिला संकोच वाटतो. ती हळूच म्हणाली, "बाबू, माह्यामुळं तं नाही ना थांबली गाडी?"

तेवढ्यात दिंडीतला एक पोरगा फडके घेऊन झाकणाकडे धावला. ड्रायव्हरकाकांनी त्याचा हात धरला. "थांब बावा! तोंड भाजून घेशीन. आंदी थंडी होऊ दे." काकांचे बरोबर होते. तापलेले झाकण उघडले की दाब एकदम जातो आणि आतले पाणी त्याच क्षणी उकळून अंगावर उसळते. आम्ही पाऊण तास थांबलो. आत्याने बसल्या जागी हरिपाठ म्हटला, आम्ही मागे म्हटला.

गाडी निवल्यावर काकांनी झाकण काढले. वरून ते चकचकीत होते. उलटे केले तर आतले रबर कडक होऊन तडकलेले आणि स्प्रिंग मऊ पडलेली. रेडिएटर ठीक, पंखा ठीक, पाइप ठीक, दोष तेवढाच. एकाने मोटारसायकलवर जाऊन त्याच आकड्याचे झाकण आणले. पाणी भरले, गाडी निघाली. त्या मुक्कामाला भाकरी थापायला आत्या सगळ्यांत आधी बसली.

ते जुने झाकण मी खिशात ठेवले होते. वाटेत पुन्हा पुन्हा हातात यायचे. आपल्या गळ्यातली माळ, कपाळीचा गंध लोकांना दिसतो. आतले रबर मऊ आहे की वाळले, हे ताप चढल्यावरच कळते. घरात, शेताच्या धुऱ्यावर, भावाशी बोलताना चढ लागतो तेव्हा आपले झाकण किती धरते? संयम म्हणजे सारे कोंडून ठेवणे, असे आपण समजतो. कोंडतच राहिले तर पाइप फुटतो. थोडे बाहेर जाऊ द्यावे, पण रस्त्यावर सांडू नये, बाटलीत जावे. मला अधिक मोलाची वाटते ती मधली छोटी झडप. गेलेले परत घ्यायची वाट तिने उघडी ठेवलेली असते. ती अडकली तर गाडी थंड झाल्यावर पाइप आतल्या आत चेपतो. असे चेपलेले पाइप मी पुष्कळ घरांत पाहिले आहेत. भांडण कधीच थंड झालेले असते, पण परत घेणारे कोणी नसते.

आषाढीला गाडी काढणाऱ्या माउलींनी निघण्याआधी एवढे करावे. पहाटे, इंजिन पूर्ण थंड असताना झाकण काढून रबर पाहावे, बोटाने स्प्रिंग दाबावी, छोटी झडप हलते का पाहावे. गंज किंवा पांढरा थर असेल, रबर तडकले असेल, तर झाकण बदलावे. नवे घेताना जुन्यावरचाच आकडा घ्यावा. जास्त आकड्याचे झाकण जुन्या पाइपांना सोसत नाही. बोअरच्या जड पाण्याने आत थर धरतो, म्हणून कूलंट वापरावे. एक जादा झाकण औषधाच्या डब्यात ठेवावे. त्याची किंमत इंजिनाच्या कामापुढे काहीच नाही.

गाडीत कोणाची तरी आत्या बसलेली असते. तिची वारी त्या झाकणावर असते.

राम कृष्ण हरी.