झिरो माइल ते समुद्राचा तळ

मैत्रिणींनो, आपण नागपूरकरणी म्हणजे पक्क्या जमिनीवरच्या. झिरो माइलचा खांब आपल्या गावात. कुठल्याही दिशेला निघा, समुद्र आपला लांबच! पाणी म्हटलं की अंबाझरी, आणि तिथेही लहानपणी आईने बजावलेलं, "काठाशी जायचं नाही." पोहणं शिकायचं राहूनच गेलं. अशा मला सत्तेचाळिसाव्या वर्षी समुद्राखाली उतरायची हौस आली. खुशाल हसा! घरचेही हसले होते.

निमित्त झालं भिशीचं. पैसे हाती आले आणि पहिल्यांदाच ठरवलं, यातून मिक्सर नाही की पडदे नाहीत. लेक म्हणाली, "आई, स्कूबा डायव्हिंग करू या. पोहता यावं लागत नाही." पाठीवर हवेची टाकी, तोंडात नळी, शेजारी शिकवणारा; पहिल्या खेपेला बारा मीटरच्या खाली नेत नाहीत. एवढं कळलं, पण जायचं कुठे? अंदमान, लक्षद्वीप की आपलं मालवण?

लेकीचं मत अंदमान. पाणी स्वच्छ, प्रवाळ दाट. स्वराजद्वीपला (२०१८ पर्यंत हॅवलॉक) नेमो रीफ नावाची जागा आहे. तिथे नवशिक्यांना किनाऱ्यावरून चालत पाण्यात नेतात. पण हिशेब मांडला. आधी चेन्नई किंवा कोलकाता, तिथून विमानाने पोर्ट ब्लेअर (२०२४ पासून श्री विजयपुरम), मग पुन्हा बोट. शिवाय पाण्यातून वर आल्यावर साधारण अठरा तास विमानात बसायचं नसतं. अंगात मुरलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊन त्रास होऊ शकतो. तो दिवस सेल्युलर जेल पाहायला ठेवावा. म्हणजे आठ दिवस हवेत, आणि सासूबाईंना सोडून मला मिळणार होते पाच!

लक्षद्वीपचं नाव २०२४ पासून सगळ्यांच्या तोंडी आहे. कडमत, बंगाराम या बेटांभोवतीचं पाणी फार सुंदर. पण वस्ती दहाच बेटांवर, राहायच्या जागा मोजक्या आणि आपल्यालाही प्रवेशाचा परवाना काढावा लागतो. जायचं कोचीहून, विमानाने अगत्तीला नाहीतर जहाजाने. कित्येक महिने आधी बेत आखणाऱ्या घरासाठी हे ठीक. आमच्याकडे उद्याची भाजी आज ठरत नाही!

राहिलं मालवण. कोकण रेल्वेने कुडाळला उतरलं की पुढे तीसेक किलोमीटर. तारकर्लीला राज्याच्या पर्यटन महामंडळाची डायव्हिंग शिकवणारी संस्था आहे, समोर महाराजांचा सिंधुदुर्ग. खोटं कशाला सांगू, पाणी अंदमानइतकं नितळ नसतं. कधी दूरचं दिसतं, कधी सगळं धूसर. पावसाळ्यात तर बंदच.

तरी मी मालवण म्हटलं. घरात कारण सांगितलं पाच दिवसांचं. खरं कारण वेगळं होतं. मला भीती वाटत होती. सगळी भिशी खर्चून अंदमानला गेले आणि ऐन वेळी पाय मागे घेतला, तर स्वतःसाठी पुन्हा पैसे काढायला मी धजले नसते. मालवणात जमलं नाही, तर सोलकढी पिऊन परत आले असते!

आणि झालंही तसंच, निदान पहिल्यांदा. दोन-तीन मीटर खाली गेले, कान दाबले, जीव घाबरला, वर आले. शिकवणाऱ्या मुलाने शांतपणे पुन्हा सांगितलं, "काकू, नाक चिमटीत धरून हळूच फुंकर मारा, कान मोकळे होतात. आणि श्वास रोखायचा नाही, कधीच नाही." दुसऱ्यांदा उतरले. काळे-पिवळे पट्टेवाले मासे माझ्या हातावरून गेले. इतका आनंद झाला की अंगठा वर करून "छान" म्हटलं, तर पोराने मला सरळ वर आणलं! पाण्याखाली अंगठ्याचा अर्थ "वर चला" असा असतो, बरं का. छान म्हणायला अंगठा आणि तर्जनी जोडून गोल करायचा. तेवढं विसरू नका.

जाणार असाल तर आणखी थोडं. दमा, हृदयविकार, कानाचं ऑपरेशन झालेलं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. दिवस गेले असतील तर उतरूच नका. सर्दी असताना हट्ट नको. मंगळसूत्र, बांगड्या खोलीवर ठेवा. केस घट्ट बांधा, कारण मुखवट्याच्या कडेत एक बट अडकली तरी पाणी आत येतं. एका शिकवणाऱ्यामागे किती जण, हे पैसे देण्याआधी विचारा. प्रवाळ जिवंत असतो. हात लावू नका, तुकडाही आणू नका, कायद्याने बंदी आहे.

सहलीला सुट्ट्या भरपूर असतील आणि पाण्याची भीती नसेल, तर सरळ अंदमान गाठा. भीती असेल तर आधी मालवण. तिथे भीती गेली की मग लांबचे समुद्र आहेतच.

भिशीतले उरलेले पैसे मी तांदळाच्या डब्यात ठेवलेत. डिसेंबरात नणंदबाई आठ दिवस सासूबाईंजवळ राहायला येणार आहेत. अंदमानची तिकिटं काढायला लेकीला सांगितलंय. ह्यांना अजून सांगायचंय!