काचेआडचं दव

मुलांनो, जुन्या गोव्याहून फेरीबोटीने मांडवी ओलांडली की दिवाडी बेट. कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये जिच्यातून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, ती शिडाची ‘म्हादेई’ इथलीच! अशा बोटीवर वाऱ्याचा वेग, पाण्याची खोली दाखवणाऱ्या तबकड्या असतात. उन्हात तबकडीतली हवा फुगून फटीतून बाहेर पडते; रात्री गारव्याने दमट हवा आत ओढली जाते नि काचेवर आतून दव धरतं. मांडवीच्या मुखाशी वाळू साचते. तिथे खोलीचा आकडाच दिसेना, तर? बाहेरून पुसून काय उपयोग! नव्या बुटांच्या खोक्यातली ‘खाऊ नका’वाली पुडी आठवते? तीच सिलिका जेल. तिच्यासोबत तबकडी हवाबंद डब्यात ठेवून सुकवायची, मग झिजलेली रबरी कडी बदलून बसवायची.