तोंडाला रंग

"तोंडाला रंग लावणें" हा वाक्प्रचार आमच्या आजोबांच्या तोंडीं शिवीच्या जवळपास असे. अमक्याच्या मुलानें तोंडाला रंग लावला म्हणजे त्यानें शाळा सोडली, घर सोडलें आणि कोणत्या तरी नाटकमंडळीची वाट धरली, इतका अर्थ त्या तीन शब्दांत भरलेला होता. आज तेच शब्द आम्ही वर्गांत, हजेरी घेऊन झाल्यावर, फळ्यापुढें उभे राहून उच्चारतों; आणि आमच्या विद्यार्थ्यांचे आईबाप, त्यांत कास्तकार आहेत, शिक्षक आहेत, कापसाचे अडते आहेत, त्याबद्दल आम्हांस बोल लावीत नाहींत. काळ एवढा पालटला आहे. विषय मात्र सोपा झालेला नाहीं.

आमचा मूळ धंदा इंग्रजी वाङ्मय शिकविण्याचा. परंतु लहान गांवच्या महाविद्यालयांत ज्याला नाटकाची थोडी गोडी आहे त्याच्या गळ्यांत नाट्यमंडळाचें सारेंच काम पडतें. विद्यापीठाचा युवक महोत्सव जवळ आला कीं दहाबारा मुलें-मुली दुपारीं एका रिकाम्या वर्गांत जमतात आणि रंगभूषेचे पहिले पाठ सुरू होतात. साहित्य बेताचेंच असतें: चार आरसे, रंगाच्या कांड्या, स्पंजाचे तुकडे, पावडर, खोबरेल तेल आणि कापूस. कापसाच्या जिल्ह्यांत कापसाचें पुडकें औषधाच्या दुकानांतून विकत आणावें लागतें, याची थट्टा दर वर्षीं कोणी तरी करतोच, आणि आम्हीही दर वर्षीं हंसतों.

पहिल्या दिवशीं आम्ही रंगाच्या डब्याचें झांकण उघडूं देत नाहीं. प्रत्येकानें आरसा घेऊन आपल्या चेहऱ्यावर बोट फिरवावें. भुंवयांचें हाड कोठें आहे, गालाचें हाड कोठून निघून कोठें संपतें, त्याखालीं खळगा कोठें पडतो, जबड्याची कड कानापाशीं कशी वळते, हें डोळे मिटून सांगावें. मुलांस हें फार चमत्कारिक वाटतें. मोबाइलवर दिवसांतून वीस वेळां आपलें तोंड पाहणाऱ्या या पिढीला आपल्या कवटीची ओळख मुळींच नसते. कारण तें यंत्र चेहरा गुळगुळीत करून दाखवितें, आणि रंगभूषा नेमकी उंचसखल जागांवरच उभी असते. जें उजळ तें पुढें येतें, जें गडद तें मागें सरतें. या एका वाक्यांत सारें शास्त्र आहे, आणि उरलेला सर्व भाग बोटांच्या सवयीचा आहे.

पुढला प्रश्न उजेडाचा. विष्णुदास भावे यांनीं १८४३ सालीं सांगलीस 'सीतास्वयंवर' केलें, तेव्हां विजेचा दिवा जगांत कोणत्याच नाटकगृहांत नव्हता. त्या काळच्या मंद, पिवळ्या उजेडांत नाकडोळे मागच्या प्रेक्षकास दिसावेत म्हणून सफेदा, पिवडी, हिंगूळ आणि काजळ हीं सढळ हातानें लावावीं लागत. यांपैकीं सफेदा शिशाचा असला आणि हिंगूळ तर पाऱ्याचाच, म्हणजे नट रोज रात्रीं थोडें विष तोंडास चोळी. युरोपांतही निराळा प्रकार नव्हता. बर्लिन येथें लुडविग लाइशनर नांवाच्या एका ऑपेरागायकानें १८७३ त स्निग्ध रंगाच्या कांड्या करून विकावयास काढल्या आणि त्यांत शिसें घातलें नाहीं, हा त्या गायकाचा नटवर्गावरील उपकार त्याच्या गाण्यापेक्षां अधिक टिकला. आतां उलट अडचण आहे. आमच्या सभागृहांतील नवे दिवे इतका पांढरा, निळसर झोत टाकतात कीं ओठांची लाली काळपट पडते आणि पांढुरका चेहरा कागदासारखा सपाट होतो. म्हणून आमचा नियम असा कीं रंगविणाऱ्यानें आरशावर विश्वास ठेवूं नये. पात्रास प्रयोगाच्याच दिव्यांखालीं उभें करून आपण शेवटल्या रांगेंत जाऊन बसावें.

म्हातारपण रंगविण्याची मुलांस फार हौस असते. विसाव्या वर्षीं कपाळावर पेन्सिलीनें तीन आडव्या रेघा ओढल्या कीं आजोबा झाले, अशी त्यांची समजूत! आम्ही त्यांस म्हणतों, आधीं कपाळ आक्रसा, डोळे बारीक करा, हंसा. जेथें कातडी आपोआप दुमडते तेथेंच तुमचें म्हातारपण लपलेलें आहे. त्या घडीच्या तळाशीं गडद रंग, तिच्या कडेस उजळ रंग, आणि दोहोंमधील सीमा बोटानें पुसून टाकावी. दाढी चिकटवावयाची तर क्रेपचे केस हनुवटीखालून वर चढत लावावेत, म्हणजे वरचा थर खालच्याची कड झांकतो. आमचे कौलारू घरांतून आलेले विद्यार्थी, कौलें वळचणीपासून आढ्याकडे चढवितात हें पाहिलेलें असल्यामुळें, ही गोष्ट एका क्षणांत समजतात. १९७० च्या डिसेंबरांत 'नटसम्राट' रंगभूमीवर आलें तेव्हां श्रीराम लागू ४३ वर्षांचे होते, आणि साठी उलटलेला अप्पासाहेब बेलवलकर त्यांनीं उभा केला. हें उदाहरण दिलें कीं वर्गांतील कोणी तरी लगेच विचारतो, "मग त्यांत रंग किती आणि अभिनय किती?" प्रश्न चांगला आहे, आम्ही त्याचें उत्तर देत नाहीं. फक्त १९६२ च्या 'तो मी नव्हेच' कडे बोट दाखवितों. फिरत्या रंगमंचावर प्रभाकर पणशीकर एकट्यानें पांच माणसें होत; निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा जाऊन राधेश्याम महाराज येई, आणि मध्यें रंगाच्या पेटीपुढें निवांत बसावयास सवड नसे. रंग थोडा आणि नेमका असला तरच असें साधतें. कोंकणांतील दशावतारी तर स्वतःच आरसा धरून स्वतःचें तोंड रंगवितात. त्यांस रंगभूषाकार हा निराळा माणूस माहीतच नाहीं.

पुरुषास स्त्री करणें हा आपल्या रंगभूषेचा फार दिवस मुख्य उद्योग होता. किर्लोस्करांचें 'शाकुंतल' १८८० सालीं पुण्यास झालें, त्यांतील शकुंतला पुरुषच होती. (यवतमाळकरांस शकुंतला म्हटली कीं आधीं मूर्तिजापुरास जाणारी छोटी आगगाडी आठवते; तीही आतां धांवत नाहीं.) बालगंधर्वांनीं ती कला शिखरास नेली, आणि १९३३ च्या 'आंधळ्यांच्या शाळें'त स्त्रियांनींच स्त्रियांचीं कामें केल्यावर ती हळूहळू ओसरली. ती ओसरली हें बरें झालें असें आमचें मत आहे. परंतु त्या काळाचा एक संस्कार मागें राहिला: नायिका म्हणजे गोरी, आणि रंगविणें म्हणजे गोरें करणें.

हा संस्कार फार जुना आहे. भरतमुनींनीं आहार्य अभिनयाच्या अध्यायांत मूळ रंग चार सांगितले, सित, पीत, नील आणि रक्त. सित व पीत मिळून पांडु, नील व पीत मिळून हरित, रक्त व पीत मिळून गौर, असें त्यांचें मिश्रणही सांगितलें. येथवर आम्ही आदरानें शिकवितों, कारण आमचे विद्यार्थी आजही याच रीतीनें रंग कालवितात. पण त्याच ठिकाणीं ब्राह्मण-क्षत्रियांस गौर रंग, वैश्य-शूद्रांस श्याम, आणि किरात-पुलिंदादि वनवासी लोकांस काळा, अशीही वांटणी आहे. पुस्तकांत हें वाचतांना कांहीं वाटत नाहीं. वर्गांत वाटतें.

दोन वर्षांपूर्वीं एका नाटिकेंत राणीची भूमिका केळापूर तालुक्यांतून आलेल्या एका मुलीस मिळाली. तिच्या मैत्रिणीनें तिला रंगवावयास घेतलें, आणि डब्यांतील सर्वांत फिकी कांडी उचलली. आम्ही कांहीं म्हणण्यापूर्वीं ती मुलगीच म्हणाली, "सर, रानी काळी नसते का?" मैत्रीण बिचारी गोंधळली, तिच्या मनांत वाईट कांहीं नव्हतें, तिनें सवयीनें हात घातला होता. आम्ही सांगितलें कीं येथून जवळच, चंद्रपुरास, गोंड राणी हिराई हिनें आपल्या पतीची, राजा बीरशहाची, समाधि बांधविली. ती जाऊन पाहा, आणि मग राणीचा वर्ण ठरवा.

मग खरें काम पुढें आलें. सांवळ्या चेहऱ्यावर फिका रंग दिला कीं त्यावर राखेसारखी कळा येते. आणि गोऱ्या चेहऱ्यासाठीं केलेली तपकिरी छाया त्यावर दिसतच नाहीं. तेथें छायेपेक्षां उजळ रंगावर काम सोंपवावें लागतें, आणि तो उजळ रंगही पांढरा नव्हे तर सोनेरी-तांबूस हवा. मूळ रंग मनगटावर न पाहतां जबड्याच्या कडेवर पाहावा. गळ्यांत आणि चेहऱ्यांत भेद उरला नाहीं म्हणजे तो बरोबर. आमच्या डब्यांत असा एकही रंग नव्हता. तांबडा, पिवळा आणि थोडा काळा कालवून, जबड्यावर सहा वेळां पुसून, सातव्या खेपेस जमला. त्याच नाटिकेंत दोन मुलें 'आदिवासी' दिसण्याकरितां अंगास काजळ फासून आलीं होतीं. त्यांस आम्ही नळावर पाठविलें. पैनगंगेपलीकडे, आदिलाबादकडील गोंड लोकांत, दिवाळीच्या दंडारींत गुसाडी अंगास राख फांसतात, मोरपिसांचा मुकुट घालतात. तो त्यांचा स्वतःचा देवकार्याचा वेष आहे. दुसऱ्याच्या अंगास फासलेलें काजळ ही निराळी गोष्ट आहे.

याहून अवघड प्रसंग गेल्या वर्षीं आला. मुलांनीं स्वतः लिहिलेल्या एकांकिकेंत कर्जापायीं जीव दिलेल्या शेतकऱ्याची बायको होती. हा विषय यवतमाळांत दूरचा नाहीं. २०१९ च्या जानेवारींत येथें भरलेल्या ९२ व्या साहित्य संमेलनाचें उद्‌घाटन वैशाली येडे यांनीं केलें होतें. त्या याच जिल्ह्यांतील, अशाच घरांतील, आणि श्याम पेठकर यांच्या 'तेरवं' या नाटकांत अशाच घरांतील स्त्रियांबरोबर त्यांनीं काम केलेलें. आमच्या मुलांस हें ठाऊक होतें. म्हणूनच कीं काय, त्यांनीं त्या भूमिकेवर फार मेहनत घेतली: डोळ्यांखालीं काळीं वर्तुळें, गालांत खळगे, ओठ पांढुरके, केसांत पावडर. तांत्रिक दृष्टीनें काम उत्तम होतें. पहिल्या पाठांतील सारें त्यांत उतरलें होतें. आम्ही तोंडांतून शाबासकी काढणार, तोंच मागें उभा असलेला एक मुलगा, जो वर्षभर आमच्याशीं दहा शब्द बोलला नव्हता, तो म्हणाला, "माही माय अशी नव्हती दिसत, सर. लोकं येत, तं तोंड धुऊन बसे."

वर्गांत कोणी बोललें नाहीं. मुलीनें आपण होऊन खोबरेल तेलाची बाटली ओढली. स्तानिस्लाव्हस्कीच्या पुस्तकांत एक नटशिष्य मनासारखा चेहरा सांपडेना म्हणून वैतागून हिरवट मलमानें रंग पुसूं लागतो आणि त्या फिसकटलेल्या रंगांतच त्याला आपलें पात्र सांपडतें, अशी हकीकत आहे. ती आम्ही अनेकदां शिकविली आहे. येथें तसें कांहीं घडलें नाहीं. रंग नुसता निघाला, आणि मुलीचें स्वतःचें तोंड उरलें.

त्यानंतर अर्धा तास त्या मुलानेंच काय हवें, काय नको तें सांगितलें. केस घट्ट विंचरलेले, मधोमध भांग. कपाळ मोकळें, पण कुंकवाची जागा भोंवतालच्या कातडीपेक्षां किंचित् फिकी, कारण तेथें वर्षानुवर्षें ऊन लागलेलें नसतें. ही शेवटली खूण आमच्या कोणत्याही पुस्तकांत नाहीं. रिचर्ड कॉर्सनच्या १९४२ पासून चालत आलेल्या जाडजूड ग्रंथांतही नाहीं. नखाएवढा तो डाग करावयास त्या मैत्रिणीस, जिनें पूर्वीं फिकी कांडी उचलली होती, पाऊण तास लागला. मूळ रंगाहून अर्धी छटा उजळ, कड अगदीं पुसलेली. शेवटल्या रांगेंतून तो दिसत नव्हता. पहिल्या चार रांगांतून दिसत होता. मुलांनीं तो तसाच ठेवावयाचें ठरविलें. आम्हीही शेवटल्या रांगेचा आमचा नियम त्या दिवशीं पुढें केला नाहीं.

प्रयोग झाला. परीक्षकांनीं रंगभूषेचा उल्लेख केला नाहीं, बक्षीसही मिळालें नाहीं. तो मुलगा यंदा शेवटच्या वर्षास आहे आणि रंगाचा डबा त्याच्याच ताब्यांत असतो. झांकणाच्या आंत त्यानें कोणत्या कांड्या संपत आल्या याची यादी चिकटविली आहे. फिक्या कांड्या पुष्कळ उरल्या आहेत. गडद तीन नागपुराहून मागविल्या आहेत, त्या अजून आल्या नाहींत.